उत्तर: शिकागोची माती आणि सलिव्हनचे खांब

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत, विशेषतः शिकागो शहरात, इमारती एकदम उंच का झाल्या, हा प्रश्न आहे. लिफ्ट आणि पोलाद आलं म्हणून झाल्या, असं वर बऱ्याच जणांनी लिहिलंय. ते खरंच आहे, पण शिकागोच्या जमिनीचा वाटा सुटू नये. तिथे खाली मऊ चिकणमाती. भिंतींवर भार घेऊन उंच जायचं तर तळाशी भिंत जाड करावी लागते, वजन वाढतं आणि इमारत खचते. शिकागोचीच १८९१ची मोनॅडनॉक इमारत पाहा. १६ मजले, विटांच्या भारवाही भिंती, तळाशी जवळपास ६ फूट जाड! तळमजल्याची मोलाची जागा भिंतींनीच खाल्ली, आणि इमारत खचलीसुद्धा. त्याआधीच, १८८५मध्ये, वास्तुविशारद विल्यम जेनीने तिथल्याच होम इन्शुरन्स इमारतीत बराचसा भार लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर टाकला होता. भिंतींचं ओझं घटलं, खिडक्या मोठ्या झाल्या. कचेऱ्यांना दिवसाचा उजेड हवाच होता.

शिकागोचा वास्तुविशारद लुई सलिव्हन याचं ‘रूप कार्यामागून येतं’ (म्हणजे इमारतीचं रूप तिच्या कामावरून ठरतं) हे १८९६चं वाक्य वर कोणीतरी दिलंय. त्यावरून तो कोरडा, नक्षीविरोधी होता असा समज मात्र करून घेऊ नका. सेंट लुईसमधली त्याची वेनराइट इमारत बघा. खिडक्यांखालच्या टेराकोटाच्या पट्ट्यांवर पानाफुलांची सुरेख नक्षी आहे. दर्शनी उभ्या खांबांपैकी तर एकाआड एक खांबामागे पोलादी आधारच नाही! ते उंचीचा भास वाढवण्यासाठी आहेत. उंच इमारत उंच दिसली पाहिजे, हेही त्याच्या लेखी कार्यच होतं. मला हा सलिव्हन फार आवडतो.