तिसरीच्या वर्गासाठी आकाशकंदील: ३६ मुलं, ३५ मिनिटांच्या दोन तासिका. जमेल का?

प्रश्न (तिसरी_ब): सुट्टी लागायच्या आधी वर्गात कंदील करायचे आहेत. पट्ट्यांचा, मधे फुगणारा. कात्र्या १२ आहेत. कागद कुठला आणि किती घ्यावा? फेव्हिकॉलने पतंगी कागद चुरगळतो, त्याला काय करायचं?

कागदकाम: जमेल. पहिल्या तासिकेला कापणं, दुसरीला चिकटवणं. तिघांत एक कात्री. एक कापतो तेव्हा बाकीचे दोघं रेघा मारतात.

ए-फोर रंगीत कार्डपेपर ४० घ्या, चार वाया जाणारच. झेरॉक्सचा कागद नको, पट्ट्या मान टाकतात. पतंगी कागद साधारण ५०×७० सेंमीचा असेल तर एकातून ३०×१७ चे चार तुकडे निघतात, म्हणजे ९ कागद. उरलेल्या २० सेंमी रुंद पट्टीतून झिरमिळ्या.

कार्ड लांबीच्या रेषेत दुमडा, घडी १०.५ सेंमी रुंद होईल. उघड्या कडेपासून २ सेंमीवर लाल रेघ. मग बंद बाजूकडून लाल रेघेपर्यंत, दर दीड सेंमीवर काप. गोंधळ इथेच होतो: निम्मा वर्ग उघड्या बाजूने कापतो आणि हातात झालर येते. कात्री वाटण्याआधी प्रत्येकाला बंद बाजूवर ठिपका काढायला लावा आणि फिरून बघा. रेघा मागच्या बाजूवर मारायच्या. कापून झालं की घडी उलटी मोडायची, म्हणजे पेन्सिल आत जाते.

शेवटी गोल करून आत पतंगी कागदाची नळी सरकवायची.

खळ_आणि_कात्री: बाकी सगळं बरोबर, पण नळी सरकवणं तिसरीच्या मुलांकडून होत नाही, कागद फाटतो. सपाट असतानाच चिकटवा. पतंगी कागदाची वरची कड कार्डाच्या वरच्या पट्टीला, खालची खालच्या पट्टीला. कार्ड २१ सेंमी आणि कागद १७, म्हणून कार्डाला आपोआप बाक येतो, फुगवटा तोच. मग गोल करून १ सेंमी एकावर एक चिकटवा आणि वाळेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावा.

फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कागद आकसतो, रंगही सुटतो. ग्लू स्टिक वापरा, नाहीतर मैद्याची घट्ट खळ: दोन मोठे चमचे मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, एकूण एक कप पाणी, पारदर्शक दिसेपर्यंत मंद आचेवर ढवळायचं. ब्रशने नाही, बोटाने पातळ लावायची. जुन्या पद्धतीने त्यात मोरचूद घालू नका, विषारी असतं. त्याच दिवशी संपवा.

तिसरी_ब: टांगल्यावर तिरका होऊ नये म्हणून?

कागदकाम: सपाट चिकटवण्याचं मान्य, मुलांना तेच सोपं. भोकांसाठी वरची पट्टी चपटी दाबा आणि दोन्ही थरांतून बरोबर मधे एकदाच पंच मारा, भोकं समोरासमोर येतात. आत बॅटरीवरचा एलईडी. पणती, मेणबत्ती अजिबात नाही. आणि चमकी आणू नका, सुट्टीनंतरही फरशीवर सापडते.