क्राकूफ, विद्यार्थ्याच्या खिशातून: अनुभव लिहा

धागाकर्ता
जर्मनी, नेदरलँड्सकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांची सुट्टीतली पहिली धाव हल्ली पोलंडमधल्या क्राकूफला असते. शहर स्वस्त आहेच, पण तिथे पैसे खोलीच्या भाड्यात कमी आणि चुकीच्या तिकिटात, चुकीच्या बटणावर जास्त जातात. राहिलेल्यांनी, जाऊन आलेल्यांनी नेमकं लिहा. फोटो नकोत, शहर सुंदर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

उंबरठा
आधी पैसे. तिथे युरो नाही, झ्वोती चालतात. एटीएममध्ये परदेशी कार्ड घातलं की मशीन विचारतं, रक्कम तुमच्या चलनात बदलून वळती करू का? स्क्रीनवर तेच बटण ठळक असतं. नाही म्हणायचं, रूपांतराशिवाय पैसे घ्यायचे. हो म्हटलं की दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो, तिथेही झ्वोतीच निवडा.

चलन बदलणाऱ्या दुकानाला कांतोर म्हणतात. पाटीवर दोन रकाने असतात. आपण युरो देणार, म्हणजे 'स्कुप'खालचा (दुकानाच्या खरेदीचा) आकडा आपला. दोन्ही आकड्यांत तफावत जितकी जास्त तितकं दुकान टाळण्याजोगं. विमानतळावर ती हमखास मोठी असते. भारतीय रुपये घेणारं सहसा कोणी भेटत नाही, त्यामुळे घरून येताना युरोच आणा. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. हातगाड्या आणि स्वच्छतागृहांसाठी 100 झ्वोती रोख पुरतात.

ट्रामवाली
विमानतळावरून टॅक्सीच्या नादी लागू नका. तिथून मुख्य स्टेशनला, म्हणजे क्राकूफ ग्वूव्नीला, लोकल साधारण वीस मिनिटांत पोचते, आणि तीच मार्गिका पुढे व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीपर्यंत जाते. बसने जायचं तर लक्षात ठेवा, विमानतळ आणि व्येलिच्का दोन्ही दुसऱ्या झोनमध्ये येतात. नुसतं शहराचं तिकीट घेऊन 304 नंबरच्या बसने खाणीला निघालेले पर्यटक हे तपासनिसांचं ठरलेलं गिऱ्हाईक.

ट्राम-बसची तिकिटं वेळेवर चालतात, वेळ संपेपर्यंत कितीही गाड्या बदला. कागदी तिकीट चढल्या चढल्या मशीनमध्ये घालून शिक्का उमटवायचा. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. 'नॉर्माल्नी' म्हणजे पूर्ण आणि 'उल्गोवी' म्हणजे सवलतीचं. मशीन ओळखपत्र मागत नाही, तपासनीस मागतो. म्हणून तुमचं कार्ड सवलतीच्या नियमात बसतं का हे आधी बघा.

कुठल्याही विद्यार्थी ओळखपत्रावर रेल्वेत सवलत मिळते, हा गैरसमज कायम दिसतो. रेल्वेतली 51 टक्के विद्यार्थी सवलत पोलंडच्या विद्यापीठात शिकणाऱ्या, 26 वर्षांखालच्या मुलांना मिळते. बर्लिनचं ओळखपत्र दाखवून ती मिळत नाही. तुम्ही इंटरसिटीचं तिकीट लवकर काढा, दर तारखेनुसार चढतात.

पिठलंभाकर
जेवायला बार म्लेच्नी. नावात बार असला तरी ही खाणावळ, कम्युनिस्ट काळापासूनची, आणि दूध-पीठ-भाज्यांच्या काही पदार्थांवर सरकारी अनुदान असलेली. पद्धत अशी: फळा वाचायचा, गल्ल्यावर सांगून पैसे भरायचे, पावती खिडकीत द्यायची, हाक आली की ताट उचलायचं, खाऊन झाल्यावर भांडी परतीच्या खिडकीत ठेवायची. फळ्यावर नाव पुसलेलं म्हणजे पदार्थ संपला. दुपारी उशिरा गेलात तर निम्मा फळा पुसलेला असतो.

शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. पिएरोगी रुस्किएत (उकडलेल्या करंज्यांत) आत बटाटा आणि त्वारोग, म्हणजे आंबट ताजं चीज, असतं, मांस नसतं, पण वरून डुकराच्या चरबीचे परतलेले बारीक तुकडे घालतात. सांगताना 'बेझ स्क्वारेक' म्हणा. झुरेक सूपमध्ये सॉसेज असतं. लाल बीटाचं बार्श्च साधं दिसतं, पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यावर केलेलं असतं. मांस नसलेलं: नालेश्निकी झ सेरेम (गोड चीजची धिरडी) आणि पिएरोगी लेनिवे (त्वारोगचे उकडलेले तुकडे), पण या दोन्हींत अंडं असतं; आणि कोबीची किंवा गाजराची सुरूव्का, म्हणजे कोशिंबीर. बटाट्याची धिरडी तळताना कुठली चरबी वापरतात ते विचारून घ्या.

हॉस्टेलवर स्वयंपाकघर असेल तर कामच झालं. कुट्टूची काशा (भरडलेले किंवा अख्खे दाणे) 100 ग्रॅमच्या भोकाच्या पिशव्यांत मिळते. पिशवीसकट उकळत्या मीठपाण्यात पंधरा मिनिटं, की वर दही आणि घरचं लोणचं. त्वारोग पनीरसारखं दिसतं म्हणून भाजीत घालू नका, आंबट असतं आणि फुटतं. पराठ्याच्या सारणाला मात्र उत्तम.

केळफूल
वरच्यात भर: रविवारी बहुतेक सुपरमार्केट कायद्यानेच बंद असतात. झाब्काची छोटी दुकानं उघडी, पण महाग. शनिवारी संध्याकाळीच सामान भरा. निळ्या हातगाड्यांवरचा ओब्वाझानेक, म्हणजे कड्यासारखा पाव, सकाळीच घ्या, दुपारनंतर चामट होतो.

आडवाट
फुकटात बघण्यासारखं खूप आहे. मुख्य चौकाचा आराखडा 1257 चा, बाजू सुमारे 200 मीटर. मारियात्स्की चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, चारही दिशांना एकेकदा, आणि सूर मध्येच तुटतो. तुटला म्हणून संपलं समजू नका, पुढच्या खिडकीची वाट बघा. आतल्या 1477 ते 1489 मधल्या लाकडी वेदीला मात्र तिकीट आहे. ती रविवार सोडून 11:50 ला उघडतात, त्याआधी पाच मिनिटं पोचा. कॉलेगियम मायुसचं, म्हणजे यागिएलोनियन विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं, अंगण फुकट. हे विद्यापीठ 1364 चं, कोपर्निकस इथे 1491 पासून शिकला.

वावेलच्या टेकडीवर आणि राजवाड्याच्या अंगणात जायला पैसे नाहीत, प्रत्येक दालनाला वेगळे आहेत. सगळी घेऊ नका. त्यापेक्षा संध्याकाळी क्राकुसच्या टेकाडावर चढा.

पोलंडच्या कायद्याप्रमाणे संग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस कायम प्रदर्शन फुकट ठेवावं लागतं. दिवस ज्याचा त्याचा वेगळा असतो, संकेतस्थळावर बघून मगच सहलीचे दिवस ठरवा. फुकट तिकिटं मोजकी असतात, दुपारी जाऊन मिळत नाहीत.

उंबरठा
आउश्वित्झच्या नाझी छळछावणीबद्दल कोणी लिहिलं नाही. प्रवेश फुकट आहे. मार्गदर्शकाविना जाण्याचा पासही फुकट, पण स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी नावानिशी काढावा लागतो आणि मोसमात पटकन संपतो. सोबत पासपोर्ट लागतो. मोठी सॅक आत नेता येत नाही, ती स्टेशनच्या लॉकरमध्येच ठेवून निघा. बस मुख्य स्टेशनामागच्या स्थानकावरून, प्रवास सुमारे दीड तास. पहिली छावणी आणि दुसरी, बिर्केनाउ, यांत तीनेक किलोमीटर अंतर आहे, मध्ये फुकट बस असते. माझ्या मते मार्गदर्शकावर इथेच पैसे खर्च करावेत, वावेलवर नाही.

ट्रामवाली
व्येलिच्काच्या खाणीचं तिकीट महाग आहे, आणि आत स्वेटर लागतोच. तापमान 17–18 अंश, सुरुवातीलाच 380 पायऱ्या उतरायच्या. वर यायला लिफ्ट.

केळफूल
किरकोळ: स्वच्छतागृहाच्या दारावर गोल म्हणजे बायकांचं, त्रिकोण म्हणजे पुरुषांचं. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्यात ओलांडू नका, दंड होतो. ऑक्टोबर 2025 पासून बोधचिन्ह असलेल्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅनवर 50 ग्रोशी (अर्धा झ्वोती) अनामत घेतात. रिकामी बाटली चुरगळली की मशीन परत घेत नाही.