पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणे! हिशेब कुणी ठेवलाय काय?

सीमाकर: दात पडला की घरातलं माणूस जाणार, साप दिसला की कुलदेवाचं काहीतरी राहिलंय, आणि पहाटे पडलं तर खरं होणारच. बेळगाव-खानापूर पट्ट्यात हे घरोघरी. माझ्या मते यात फक्त पहाट खरी. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं, रात्रीत चार-पाच होतात. बंद पापण्यांआड बुबुळं भिरभिरतात ती रेम झोप पहिल्या चक्रात जेमतेम दहा मिनिटं, शेवटच्यात अर्धा तास किंवा जास्त. तिच्यातून थेट जाग येते म्हणून स्वप्न आठवतं. आठवणाऱ्या ढीगभर स्वप्नांतलं एखादं जुळतं, तेवढंच गावभर होतं.

तिसरी पाळी: अर्धंच सांगितलंत की. नुसतं चक्र नव्हे, अंगातलं घड्याळही आहे. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचला सर्वांत खाली जातं, त्यानंतर रेमचा जोर जास्त. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रात्रभर फाउंड्रीत राबून सकाळी साडेसातला आडवा झालेल्याला म्हणूनच रेम लवकर गाठते. त्याची पहाट नऊला. ती शुभ की अशुभ, कुठल्या पंचांगात बघायचं?

मलप्रभाकाठ: थट्टा पुरे. 1977 मध्ये हॉबसन आणि मॅकार्ली हे मेंदूसंशोधक म्हणाले, मेंदूच्या देठातून संदेश सुटतात आणि वरचा मेंदू त्यांची गोष्ट जुळवतो. तेच धरून बसलात तर मेंदूसंशोधक मार्क सोल्म्सनं तपासलेले रुग्ण कुठं बसवणार? मेंदूच्या पुढच्या भागात खोलवर इजा, रेम शाबूत, पण स्वप्नं बंद! तो भाग इच्छा-ओढीचा. फ्रॉइडनं प्रत्येक वस्तूत दडलेला अर्थ शोधला ते अति झालं, कबूल. पण पैशाअभावी सौंदत्तीला जाणं राहिलेल्या बाईच्या स्वप्नात यल्लम्मा येते, तेव्हा दृष्टांत नसेल, घोर तर खरा असतो ना?

सीमाकर: घोर खरा, पण तो जागेपणीही ठाऊकच असतो. दाताचं घ्या. 2018 च्या एका इस्रायली अभ्यासात दात पडण्याच्या स्वप्नाचा संबंध उठल्यावर दात-हिरड्या ताठरण्याशी दिसला, मनाच्या त्रासाशी नाही. मयताची वाट बघण्याआधी जबडा दाबून बघा.

मलप्रभाकाठ: मग तेच भीतीचं स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं त्याला काय सांगणार? विसर म्हणून? त्यावर चालणारा उपाय आशयालाच हात घालतो. दिवसा स्वप्न लिहायचं, शेवट हवा तसा बदलायचा, आणि बदललेलं रोज 10-20 मिनिटं डोळ्यांपुढं आणायचं. लोक चुकतात इथं: पहिल्याच दिवशी सर्वांत भयंकर स्वप्न घेतात, किंवा जुनंच घोळवतात, किंवा चार दिवसांत सोडतात. सौम्य स्वप्नापासून सुरू करायचं.

तिसरी पाळी: त्याआधी गोळ्या तपासा. रक्तदाबाच्या प्रोप्रानोलॉलनंही घाबरी स्वप्नं पडतात, पण परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं. दारूनं सुरुवातीची रेम दबते, उतरली की जोरात उसळते. आणि पन्नाशीपुढचा माणूस झोपेत स्वप्नातल्यासारखा लाथा-बुक्क्या मारू लागला तर ते बाहेरचं म्हणून अंगारा लावत बसू नका. रेममध्ये स्नायू लुळे पडायला हवेत, ते पडत नाहीत. पुढं पार्किन्सनची सुरुवात निघू शकते. मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

सीमाकर: तेही बरोबर. मूळ वादाला मात्र वहीच लागेल. 30 दिवस, उठल्या उठल्या, मोबाईल हातात घेण्याआधी तारखेसह लिहायचं. जुळलं ते मांडा, न जुळलं तेही.

मलप्रभाकाठ: वही ठेवली की स्वप्नं जास्त आठवतात, मग जुळणारीही वाढणार. टक्केवारी काढा, नाहीतर महिन्यानं तुम्हीच पहाटेला कौल द्याल.