कांडल्याचा मनोरा पाइलवर उभा असूनही का कलला?

प्रश्न
२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कांडला बंदरातील कार्यालयाचा सुमारे २२ मीटर उंच मनोरा कोसळला नाही, पण एका बाजूला कलला. त्याच्याखाली प्रत्येकी १८ मीटर लांबीच्या ३२ पाइल (जमिनीत खोलवर रोवलेले पायाचे खांब) होत्या, असे वाचले. इतका खोल पाया असताना वाळूचे द्रवीकरण त्याला कसे बाधले?

प्रतिसाद १
आधी वाळूचे द्रवीकरण म्हणजे काय ते पाहू. ओल्या किनाऱ्यावर एकाच जागी पाय थापटत राहिल्यास पाणी वर येते आणि पाऊल रुतू लागते. तसेच येथे घडते. सैल वाळूचे कण एकमेकांवर टेकून भार पेलत असतात. हादऱ्यांनी ते दाटीने बसू पाहतात, परंतु मधल्या पाण्याला बाहेर पडायला तेवढा वेळ मिळत नाही; त्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि जमीन काही काळ घट्ट पेजेसारखी वागते. जपानमधील निगाता येथे १९६४ साली चार मजली इमारती अशाच आडव्या झाल्या. त्यांच्या भिंती मात्र बहुतांश शाबूत होत्या.

प्रतिसाद २
मूळ प्रश्नाचे उत्तर पाइलच्या टोकाशी आहे. कांडल्याला वरचे सुमारे १० मीटर चिकणमातीचे आणि त्याखाली वाळू. पाइल चिकणमाती ओलांडून वाळूतच संपल्या होत्या, म्हणजे ज्या थरावर त्या टेकल्या तोच ढिला पडला. शिवाय वरचा थर बाजूला सरकला आणि त्याने पाइलनाही ढकलले. मनोऱ्याचा माथा सुमारे ३० सेंटीमीटर ढळला. केवळ लांबीचा आकडा पाहून पाया खोल म्हणण्याची आपली सवय चुकीची आहे. टोक द्रवीकरण न होणाऱ्या घट्ट थरात पुरेसे रुतले आहे का, हे बोअरिंगच्या (जमिनीत भोक पाडून थर तपासण्याच्या) अहवालात पाहावे लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग १९९३ च्या किल्लारी भूकंपातही असे झाले होते का? आमच्याकडे सगळी काळीच जमीन आहे.

प्रतिसाद २
नाही. काळ्या मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून राहतात, म्हणून ती सहसा अशी द्रवीभूत होत नाही; तिचा त्रास वेगळा, पावसाळ्यात फुगण्याचा आणि उन्हाळ्यात भेगाळण्याचा. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड धाब्याची छपरे माणसांवर पडली.