हिमोग्लोबिन कमी आहे, कणकेतला कोंडा चाळून टाकायचा का?

धंतोलीची_सून
सासूबाईंचं हिमोग्लोबिन ९.८ आलं, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. ग्रुपवर वाचलं की कोंड्यातलं फायटिक अ‍ॅसिड लोह अडवतं. आमच्याकडे चक्कीवरचं लोकवन गव्हाचं पीठ न चाळता वापरतात. चाळू का? की मैदाच बरा?

आहार_नागपूर
मैदा कशाला ताई! फायटिक अ‍ॅसिड लोह अडवतं हे खरंच, पण ते असतं मुख्यतः कोंड्याच्या आतल्या थरात, आणि दाण्यातलं लोह-जस्तही बरंचसं तिथेच. चाळलं की दोन्ही गेलं. फेरुलिक अ‍ॅसिड, लिग्नॅन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यंही कोंड्यातच. पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट’ ठळक छापतात, त्याला फार भुलू नका. अख्खं धान्य खाणाऱ्यांत मधुमेह, हृदयविकार कमी दिसतात त्याचं श्रेय एकट्या फेरुलिकला देता येत नाही, तंतू आणि मॅग्नेशिअमही त्यात आहेत.

फायटेट (म्हणजे हेच फायटिक अ‍ॅसिड) त्या जेवणातलं लोह धरतं, अंगात साठलेलं ओढून काढत नाही. म्हणून तोडही ताटातच हवी. लिंबू वरणभातावर पिळा, उकळत्या भाजीत नको, तापवलं की क जीवनसत्त्व कमी होतं. हंगामात संत्रं जेवतानाच द्या. चहा मात्र जेवणाच्या आधी-नंतर तासभर बंद.

चक्की_आणि_तवा
कोंडा काहून फेकता बाप्पा? फायटेट तोडणारं एन्झाइम, फायटेज, गव्हातच असतं. त्याला ओल, थोडा आंबटपणा आणि वेळ लागतो. भिजवली नि लगेच लाटली तर वेळच मिळत नाही; तव्यावर एन्झाइम मरतं, फायटेट तसंच राहतं.

अर्धा किलो कणकेला अर्धी वाटी आंबट ताक, बाकी पाणी. झाकून हिवाळ्यात ५-६ तास, मे महिन्यात दोन तास पुरे. जास्त ठेवली तर कणीक सैल पडते, पोळी लाटताना फाटते.

फायटेट कमी करायला गव्हाला मोड आणायचे तर रात्रभर भिजवून पाणी पूर्ण निथळा (पाणी साचलं की वास मारतो), कोंब जेमतेम दिसला की थांबा. लांब वाढू दिला तर पिठात साखर वाढते, पोळी चिकट होते. उन्हात कडकडीत वाळवूनच चक्कीवर न्या. ओलसर दाणा दगडाला चिकटतो, चक्कीवाला परत पाठवेल. अख्ख्या गव्हाच्या पिठात अंकुराचं तेल असतं, ते उन्हाळ्यात लवकर खवट होतं, म्हणून थोडंथोडंच दळा.

आहार_नागपूर
ताकाची रीत बरोबर. लोहाची गोळी मात्र पोळीसोबत किंवा दुधासोबत नको. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत.

लेक्टिन या गव्हातल्या प्रथिनाचं भय घालणारे कच्च्या गव्हाबद्दल बोलत असतात, भाजलेल्या पोळीत त्याचा जोर उरत नाही. ग्लुटेन हे गव्हातलं दुसरं प्रथिन मात्र भाजून जात नाही. गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलला नाही तर सिलिअ‍ॅकसाठी (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीचं डॉक्टरांना विचारा, आणि तोवर गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ह्या वयात पोटातून रक्तस्राव होतोय का, हेही बघायला हवं. तो होत असेल तर कणीक कशीही मळा, हिमोग्लोबिन वर येणार नाही.