ईआरचं (इमर्जन्सी रूमचं) बिल कलेक्शनला (वसुलीला) गेलंय, पण ईओबीत (विमा कंपनीच्या हिशेबपत्रात) देणं शून्य दिसतंय

पर्सिपनीकर:
न्यू जर्सी. मार्चमध्ये ईआरला जावं लागलं, हॉस्पिटल इन-नेटवर्क (विमा कंपनीशी करार असलेलं). आता कलेक्शन एजन्सीचं १,३४० डॉलरचं पत्र आलंय, ईआरच्या डॉक्टरांच्या ग्रुपच्या नावाने. माझ्याकडच्या ईओबीत त्या तारखेला पेशंटचं देणं शून्य आहे. फोनवरची बाई म्हणते, आत्ता ५० भरा, बाकीचं नंतर बघू. भरू का?

जुना_बिलर:
पाच डॉलरही भरू नका. अनेक राज्यांत थोडी रक्कम भरली की कोर्टात दावा लावायची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. न्यू जर्सीत ती ६ वर्षांची आहे.

फोनवर वाद घालू नका, लेखी हरकत घ्या. पत्र मिळाल्यापासून ३० दिवस असतात, शेवटची तारीख पत्रावरच छापलेली असते. तेवढ्यात हरकत पोचली तर पडताळणी पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे बहुतेक पत्रांच्या तळाशी फाडून पाठवायचा भाग असतो: 'हे कर्ज माझं नाही', 'रक्कम चुकीची आहे', 'इतर'. पहिल्या चौकोनावर खूण करू नका. उपचार तुमच्यावरच झालेत, ते नाव-जन्मतारीख जुळवून 'पडताळणी झाली' म्हणून मोकळे होतील. दुसऱ्यावर खूण करा, खाली एका ओळीत कारण लिहा, ईओबीची झेरॉक्स जोडा. सर्टिफाइड मेल, रिटर्न रिसीटसह. परत येणारं हिरवं कार्ड (ते नव्हे, पोस्टाचं) जपून ठेवा.

क्लेमवाली:
पत्र टाकण्याआधी तो ईओबी नक्की कोणाचा आहे ते बघा. हॉस्पिटल आणि डॉक्टरांचा ग्रुप वेगवेगळे क्लेम लावतात, त्यामुळे एका तारखेचे दोन-तीन ईओबी निघतात. प्रोव्हायडरचं नाव आणि बिलाची रक्कम, दोन्ही जुळली पाहिजेत. लोक हॉस्पिटलचं शून्य दाखवतात आणि वाद डॉक्टरच्या बिलाचा असतो.

रक्कम का नाकारली त्याचे कोड असतात. ईओबीत नसतील तर विमा कंपनीला विचारा. 'पीआर' म्हणजे पेशंटच्या अंगावर: पीआर-१ डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम), पीआर-२ कोइन्शुरन्स (बिलातला ठरलेला टक्का), पीआर-३ कोपे (दर भेटीची ठरलेली रक्कम). 'सीओ' म्हणजे करारामुळे डॉक्टरने सोडून द्यायची रक्कम. सीओ-२९ दिसला तर क्लेम उशिरा लावलाय. ती बिलिंगची चूक, इन-नेटवर्क डॉक्टरला ते पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत. डॉक्टर नेटवर्कबाहेरचा असला तरी जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्रायझेस' कायद्याने इमर्जन्सीत तुमचा वाटा इन-नेटवर्क दरानेच धरला जातो. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्यात नाही, तिथे भलेभले फसतात.

पर्सिपनीकर:
बरोबर निघालं. शून्य हॉस्पिटलचं होतं. ग्रुपचा वेगळा ईओबी पोर्टलवर सापडला: १,३४० पुढे 'सदस्याकडून माहिती हवी', क्लेम थांबवलेला.

क्लेमवाली:
ही बहुधा 'दुसरा विमा आहे का' किंवा 'अपघात होता का' ही चौकशी. तिचं पत्र साध्या पाकिटातून येतं आणि जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातं. कंपनीला फोन करून उत्तर द्या, क्लेम पुन्हा प्रोसेस करायला सांगा, कॉलचा रेफरन्स नंबर घ्या. त्याच कॉलवर ग्रुपच्या बिलिंगलाही लाइनवर घ्यायला सांगा आणि खातं कलेक्शनमधून परत मागवायला लावा. निकालात डिडक्टिबल निघालं तर तेवढं मात्र खरंच देणं आहे, ते ग्रुपला भरा.

जुना_बिलर:
तरी हरकतीचं पत्र आजच टाका. क्लेम प्रोसेस होतोय म्हणून ते ३० दिवस थांबत नाहीत. कारण म्हणून 'क्लेम विमा कंपनीकडे प्रलंबित' एवढं पुरे.

क्रेडिट स्कोअरच्या भीतीने घाई नको. तिन्ही क्रेडिट ब्युरो एक वर्षाच्या आतलं किंवा ५०० डॉलरखालचं वैद्यकीय कर्ज दाखवत नाहीत. कोर्टाचं समन्स आलं तर मात्र त्यातल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. गैरहजेरीत निकाल लागला की पगारातूनही कापून घेतलं जाऊ शकतं, मग ईओबी दाखवायला फार उशीर झालेला असतो.