शब्दचर्चा: देव ‘पडला’ की ‘उतरला’? आणि त्याच्यासाठी लढणाऱ्यांना काय म्हणावं?

जुळे सोलापूर:
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक विज्ञानकथा लिहिते आहे आणि शब्दांपाशी अडले आहे. कथा थोडक्यात सांगते. दुसऱ्या एका ग्रहावरची लढवय्यी जमात आहे. त्यांचा देव आकाशात राहायचा. इतर देवांशी बिनसलं, त्याची सत्ता गेली आणि तो या लोकांच्याच ग्रहावर, एका खाऱ्या दलदलीत येऊन कोसळला. अजून तिथेच आहे. बोलत नाही, कौल देत नाही, पाऊस पाडत नाही. तरी हे लोक त्याच्या नावाने ग्रहामागून ग्रह जिंकत सुटलेत, आणि मरताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं.

मला हवेत तीन शब्द. त्या देवासाठी, त्या पंथासाठी आणि त्यांच्या त्या पेटलेपणासाठी.

पहिल्या खर्ड्यात मी ‘पतित देव’ लिहिलं होतं. आई शेंगाची चटणी कुटत बसली होती, तिला वाचून दाखवलं. ‘पतित’ ऐकताच तिचा मुसळीवरचा हात थांबला. म्हणाली, “मग शेवटी त्याला पावन कोण करतं गं?” आणि माझ्या लक्षात आलं की हा शब्द गेला. मराठी कानात पतित एकटा येतच नाही, त्याच्या मागोमाग पावन येतो. पंढरपूर इथून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर, विठोबाचं ब्रीदच पतितपावन. शिवाय पतितामध्ये पाप आहे, जुन्या वापरात जातीबाहेर टाकलेला असाही अर्थ आहे. माझ्या देवाने पाप केलेलं नाही. तो हरला आहे.

बाळीवेस:
ताई, ‘च्युत’ घ्या. पाप नाही, पावन होणं नाही, फक्त जागेवरून निसटणं. विष्णूचं नाव अच्युत, म्हणजे जो आपल्या जागेवरून कधी ढळत नाही तो. त्यातला ‘अ’ काढला की तुमचा देव तयार. पदच्युत राजा आपण रोज वाचतो, त्यामुळे वाचकालाही जड जाणार नाही. आणि ते सुभाषित आहेच, स्थानभ्रष्टा न शोभन्ते दन्ताः केशा नखा नराः. दात, केस, नखं आणि माणसं जागेवरून सुटली की शोभत नाहीत. देव त्या यादीत नाही, तो तुम्ही घालताय.

नहुषाची गोष्टही बघा. माणूस असून इंद्राच्या आसनावर बसला, ऋषींना पालखीला जुंपलं. लवकर चला म्हणून ‘सर्प, सर्प’ ओरडला आणि अगस्त्यांना लाथ मारली. सर्प म्हणजे चल, सर्प म्हणजे साप. त्याच शब्दाचा शाप झाला आणि अजगर होऊन खाली पडला. पुढे महाभारताच्या वनपर्वात भीमाला विळखा घालतो आणि युधिष्ठिराशी बोलल्यावर सुटतो तो हाच. पडण्याच्या गोष्टीत शब्दच पाडतो, हे मला फार आवडतं.

जुळे सोलापूर:
‘च्युत’ अर्थाने चोख आहे. पण उच्चारून बघा, “आमचा च्युत देव” असं कुठला सैनिक म्हणेल? हा निवेदकाचा शब्द आहे, पोथीतला. निवेदनासाठी ठेवते. लढणाऱ्याच्या तोंडी काय द्यायचं?

पूर्वभाग:
माझे वडील मागावर होते, त्यामुळे मला सुचतं ते त्या भाषेतलं. आपल्याकडे यंत्र, गिरणी, माग ‘पडत’ नाही, ‘बंद पडतो’. गिरण्या बंद पडल्या, तरी पत्ता सांगताना आपण अजून ‘जुनी मिल’च म्हणतो की ओ. भोंगा नाही, पाळी नाही, कामगार नाहीत, पण रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं की पुरतं.
तुमच्या गोष्टीतले शत्रू असंच म्हणतील: “यांचा देव बंद पडलाय.”

जुळे सोलापूर:
हे वाचून मी उठून खोलीत दोन चकरा मारल्या. घेतलं. शत्रूच्या तोंडी हेच वाक्य जाणार.

बेगम पेठ:
थोडं वेगळं सांगू का? माझी नानी दखनीत गोष्टी सांगायची. “एक काला देव था” अशी सुरुवात झाली की आम्ही भावंडं गोधडीत शिरायचो, कारण तिच्या गोष्टीतला देव म्हणजे अक्राळविक्राळ राक्षस. शाळेत मराठीच्या बाईंनी ‘देव दयाळू असतो’ वाचायला दिलं तेव्हा मी खरोखर गोंधळलो होतो.

पुढे कळलं की ती नानीची चूक नव्हती. फारसीतला ‘दीव’ आणि उर्दूतला ‘देव’ हे अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या ‘दएव’च्याच कुळातले. आपला देव आणि तो दएव मुळात एकच शब्द. जरथुष्ट्राच्या धर्मात दएव दुष्ट ठरले आणि अहुर हा परमेश्वर झाला. इकडे उलटं झालं. अहुर म्हणजे आपला असुर. वेदाच्या जुन्या ऋचांत वरुणालाही असुर म्हटलंय, मानाने. नंतर तो शब्द राक्षसांकडे गेला. म्हणजे पडलेला देव शोधायला परग्रहावर जायला नको. ‘देव’ आणि ‘असुर’ हे दोन शब्दच एकेका बाजूला पडलेले आहेत. डोंगराच्या या उतारावर जो पूज्य, तो पलीकडच्या उतारावर राक्षस.

जुळे सोलापूर:
दादा, तुमच्या नानीमुळे माझी गाठ सुटली असं वाटतं. बघा पटतंय का.

मी एकच शब्द शोधत होते, तिथेच चुकत होते. ‘अवतार’ या शब्दाचा अर्थ काय, तर खाली उतरणं. आपलं ‘उतरणं’ही त्याच मुळाचं. म्हणजे वरून खाली आलेल्या देवाला मराठीत दोन क्रियापदं लागू शकतात. पडला म्हटलं की तो हरलेला. उतरला म्हटलं की तो आपल्यासाठी आलेला. घटना तीच आहे, तीच दलदल, तोच चिखल.

माझ्या पंथातला माणूस मेला तरी ‘पडला’ म्हणणार नाही. तो म्हणेल, “तो उतरला, त्या रात्री आमचा समुद्र आटला.” शत्रू म्हणेल, पडला. आणि ज्या दिवशी पंथातला एक पोरगा चुकून ‘पडल्यापासून’ म्हणून जातो, त्या दिवशी त्याचा बाप तलवार काढतो. कथेतला मधला प्रसंग मला एवढ्यावर उभा करता येईल. धर्मवेडा हे विशेषण मग कुठे लिहावंच लागणार नाही.

फक्त एक अडचण. ‘देव उतरला’ आपल्याकडे अंगात आलेल्यांबद्दलही म्हणतात. वारं येतं, घुमणं होतं, मग देव उतरला म्हणजे अंगातून गेला, माणूस पाणी मागतो. तो अर्थ मध्ये येईल का?

बाळीवेस:
येऊ द्या. देव अंगातून गेला की काय ही शंका त्यांच्या मनात असणारच. तुमचा शब्द ती त्यांच्या नकळत बोलून दाखवतो.

अक्कलकोट रस्ता:
पंथ म्हणा, संप्रदाय नको. संप्रदायात देणं आहे, गुरूने शिष्याला दिलेलं, पिढीने पिढीला दिलेलं. मुका देव काय देणार? पंथ म्हणजे वाट. देणारा गेला तरी पायाखालची वाट राहते. ‘परग्रहवासी’ हा शब्दही निवेदनात एकदाच वापरा, माणसांच्या बाजूने. त्यांच्या घरात ते परके नाहीत.

जुळे सोलापूर:
दोन्ही मान्य. आता पंथाचं नाव. मी ‘शरण’ असं योजलं होतं. आपल्या सोलापुरात हा शब्द दोन भाषांत दोन तोंडांनी बोलतो. मराठीत शरण येणं म्हणजे हरणं. कन्नडमध्ये शरण म्हणजे शिवाला सर्वस्व वाहिलेला, मोठ्या मानाचा शब्द. प्रसंगही लिहिला होता: शत्रूचा सेनापती ओरडतो, “शरण या!” आणि समोरून शांतपणे उत्तर येतं, “आम्ही शरणच आहोत.”

अक्कलकोट रस्ता:
ताई, संवाद जबरदस्त आहे, तरी विनंती करतो, हा शब्द नका घेऊ. मी लिंगायत घरातला. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर शरण होते. त्यांनी इथे तलाव खोदला, अडुसष्ट लिंगं स्थापली. बसवण्णा मंगळवेढ्याला बिज्जळ राजाच्या पदरी होते, त्यांचं वचन आमच्या घरात भिंतीवर आहे: “दयविल्लद धर्मवु यावुदय्या”. दयेवाचून धर्म कसला, बाबा? ज्या शब्दाच्या पोटात दया आहे तो ग्रह जाळत फिरणाऱ्यांना लावला की मला आत कुठेतरी लागतं. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, बाराबंदीचा पांढरा अंगरखा घालून नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणारी पोरं बघा. आदल्या महिन्यापासून सराव करतात, खांदे सोलवटून घेतात. त्या भक्तीतही शरीर पणाला लागतं, पण ती कुणाचा जीव घेत नाही.

जुळे सोलापूर:
बरोबर आहे तुमचं. काढला. तो संवाद सोडताना जीव तुटतोय, पण शब्द तुमच्या घरातला आहे.

मग ‘धर्मांध’ उरतो का? तो मला बाहेरून मारलेल्या शिक्क्यासारखा वाटतो. आंधळा म्हटलं की त्यांना काय दिसतंय हे विचारायची गरजच उरत नाही. ‘माथेफिरू’ एकट्यादुकट्यासाठी, बातमीतला. ‘कट्टर’ तर आता गाडीच्या मागच्या काचेवर अभिमानाने लिहितात, त्याची धार उलटी झाली. ‘भारलेले’, ‘झपाटलेले’ त्यातल्या त्यात जवळचे, कारण त्यात कर्ता दुसराच कुणीतरी असतो. इंग्रजी फॅनॅटिकच्या मुळाशीही लॅटिन ‘फानुम’ म्हणजे देऊळ आहे, देवळातल्या देवाने ज्याला धरलंय तो. पण नाव म्हणून यातलं एकही उभं राहत नाही.

मंगळवेढा मार्ग:
उशिरा येतोय, पण मला वाटतं शब्द आपल्याच मातीत आहे. जरा सविस्तर लिहितो.

जुन्या कन्नड काव्यात आणि शिलालेखांत योद्ध्याच्या निष्ठेचे दोन प्रकार येतात. एक जोळवाळी, दुसरी वेळेवाळी. जोळ म्हणजे ज्वारी. ज्याची ज्वारी खाल्ली त्याच्यासाठी लढायचं, ही जोळवाळी. आपण मराठीत खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो, इथली माणसं ज्वारीला जागायची. मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात वाढलो. हुरड्याच्या दिवसांत आजोबा कणसाचे पहिले दाणे तळहातावर घेऊन आधी कपाळाला लावायचे, मग तोंडात टाकायचे. त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कोश उघडावा लागला नाही.

वेळेवाळी मात्र त्याच्या पलीकडची. वेळे म्हणजे वेळच, ठरलेला क्षण. धन्यावर वेळ आली की आपणही त्याच्याबरोबर जायचं, अशी आधीच घेतलेली शपथ. कर्नाटकातल्या होयसळ राजांकडे असे अंगरक्षक होते, त्यांना गरुड म्हणत, कारण गरुड जसा एका विष्णूचाच, तसे ते एकाच धन्याचे. दुसरा वीर बल्लाळ 1220 मध्ये गेला, तेव्हा त्याच्या कुवर लक्ष्म नावाच्या गरुडाने आपल्या माणसांसह प्राण दिले. हळेबीडला त्याचा स्तंभ आहे, त्यावर स्वतःचीच मान कापणारे वीर कोरलेत. आपल्याकडच्या गावांत मारुतीच्या पाराजवळ वीरगळ दिसतात, तो शब्दही तिकडचाच: वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पडलेला माणूस त्या दगडावर खालून वर चढत जातो.

आता तुमचे लोक बघा. त्यांचा देव काही देत नाही. म्हणजे जोळवाळी संपली, ज्वारीचं देणं उरलं नाही. जे उरलंय ती वेळेवाळी. पण शपथ होती धन्याबरोबर जायची, आणि धनी ना जगतोय ना मरतोय. म्हणून ते रणारणांतून आपली वेळ शोधत फिरताहेत.

जुळे सोलापूर:
सर, मी हे तीनदा वाचलं. माझ्या कथेचं कारणच तुम्ही मला सांगितलंत. ते का लढतात हे मला आजवर माहीत नव्हतं, मी त्यावर ‘कट्टर’ हा शब्द झाकून ठेवला होता.

फक्त ‘वेळेवाळी’ मराठी वाचक ‘वेळेवाले’ असं वाचेल आणि त्याला वक्तशीर माणसं आठवतील. त्याला आपला प्रत्यय लावून ‘वेळकरी’ केलं तर? वारकरी, मानकरी, टाळकरी, तसा वेळकरी. ‘वेळ आली’, ‘वेळ भरली’ हे मराठीत मरणाचंच बोलणं आहे, त्यामुळे अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ‘धारकरी’ही डोक्यात आला होता, पण तो आज वेगळ्या संदर्भात रुळलाय आणि त्यात नुसती तलवार आहे.

पूर्वभाग:
वेळकरी. बोलायला सोपा आहे. शत्रूही बोलू शकतो, पोरंही.

मंगळवेढा मार्ग:
चालेल. उलट बरं झालं, कन्नड शब्द तसाच उचलला असता तर तळटीप द्यावी लागली असती.

जुळे सोलापूर:
काल रात्री आईला नवा खर्डा वाचून दाखवला. ‘वेळकरी’पाशी ती थांबली नाही, सरळ ऐकत गेली. शेवटी एवढंच विचारलं, “वेळ कुणाची? देवाची का त्यांची?” मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. ते ठरवायला आणखी दोन पानं लागतील असं दिसतंय.

एक शेवटची शंका. षष्ठी ‘वेळकऱ्यांचा’ अशीच होईल ना? ‘वेळकरींचा’ असं हल्ली कानावर येतं, पण डोळ्यांना टोचतं.

बाळीवेस:
वेळकऱ्याने, वेळकऱ्यांना, वेळकऱ्यांचा. वारकऱ्याचं जसं होतं तसंच.